प्रतिष्ठित मद्यपान आणि आत्मपरीक्षण

मद्यपानाचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा दारूबंदी हवी की नको, या एकाच प्रश्नाभोवती घुटमळत राहते. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातील निर्देश, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, अबकारी उत्पन्नाचा सरकारला असलेला मोह आणि विषारी हातभट्टीचे बळी हे या वादातील ठरलेले मुद्दे. या वादाचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु त्यात एक मोठा वर्ग सोयीस्करपणे प्रेक्षकाची भूमिका घेतो. नोकरीधंद्यात स्थिरावलेला, रस्त्यात कधीही झोकांड्या न खाणारा आणि आठवड्यातून दोन-तीनदा मित्रांसमवेत ‘बसणारा’ असा हा वर्ग आहे. ‘बसणे’ या साध्या क्रियापदाला आलेला हा नवा अर्थ पुरेसा बोलका आहे. ज्या गोष्टीचे नाव उच्चारण्याचाच संकोच, तिची मोजदाद कोण ठेवणार?

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले आणि मराठी मनात मद्यपी म्हणजे सुधाकर, हे समीकरण कायमचे ठसले. मात्र त्याचा एक विपरीत परिणामही झाला. गडकऱ्यांनी नाटकाला नाव दिले ते पहिल्या प्याल्याचे. आपण लक्षात ठेवला तो शेवटचा अंक. संसाराची धूळधाण झालेली नाही, नोकरी शाबूत आहे, अर्थात आपण सुधाकर नव्हे, असा दिलासा प्रत्येक जण स्वतःला देत असतो. निर्व्यसनी आणि दारुडा हे दोनच शब्द आपल्यापाशी आहेत. या दोहोंमधील विस्तीर्ण प्रदेशाला नाव नाही. आणि धोका नेमका तेथेच सुरू होतो.

हा प्रदेश किती विस्तीर्ण आहे, याची कल्पना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवरून येते. तिच्या अंदाजानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांचे मद्यपान अपायकारक किंवा परावलंबी स्वरूपाचे आहे. म्हणजे पिणाऱ्या तिघांतील एक. हे सारे लोक गटारात पडलेले नाहीत. त्यांतील कित्येक जण उद्या सकाळी वेळेवर कचेरीत हजर होतील.

तेव्हा पहिला प्रश्न मोजमापाचा. ‘मी फक्त बिअर घेतो’ हे विधान आपल्याकडे संयमाचे प्रमाणपत्र मानले जाते. वस्तुतः ३० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, तर ८ टक्के तीव्रतेच्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत तो सुमारे ४० ग्रॅम भरतो. एक बाटली म्हणजे चार छोटे पेग झाले. घरी स्वतःच्या हाताने ओतलेला पेग तर बहुधा मापापेक्षा मोठाच असतो. महाराष्ट्रात मद्यपानाचा परवाना आरोग्यरक्षणाच्या कारणास्तव दिला जातो, ही कायद्यातील एक गंमत आहे. कारण आरोग्याला निश्चित सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टपणे बजावले आहे.

दुसरा प्रश्न लक्षणांचा. जॉन युइंग या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाचे चार साधे प्रश्न १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर रूढ झाले. पिणे कमी करावे असे कधी वाटले का? कोणी त्याबद्दल बोलले तर राग आला का? पिण्याबद्दल मनाला टोचणी लागली का? सकाळी उठल्यावर हात स्थिर होण्यासाठी घ्यावी लागली का? दोन उत्तरे होकारार्थी आली, तर सावध व्हावे. मात्र अगदी प्रारंभीची अवस्था या प्रश्नांतून निसटू शकते. ती ओळखण्यासाठी आठवड्यातून किती वेळा, एका बैठकीत किती आणि ठरविल्यापेक्षा अधिक किती वेळा, याची महिनाभर प्रामाणिक नोंद ठेवावी. ही नोंद घरच्यांच्या अंदाजाशी ताडून पाहिल्यास अधिक उत्तम. दाराशी वाजलेल्या बेलवरून आज किती झाली हे ओळखणारी पत्नी आणि बापाचा आवाज चढताच पुस्तकात डोके खुपसणारे मूल यांना कोणत्याही प्रश्नावलीची गरज नसते.

‘मी श्रावण पाळतो, म्हणजे माझा ताबा आहे’ असा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. महिनाभर थांबता येणे चांगलेच. परंतु ज्याच्या आदल्या दिवशी गटारी साजरी करावी लागते आणि जो संपण्याचे दिवस मोजले जातात, तो संयम नव्हे, ती केवळ रजा होय. खरी कसोटी उरलेल्या अकरा महिन्यांची आहे. तेथे उपाय साधे आहेत. कोरडे दिवस आधीच ठरवावेत. बसण्यापूर्वी आकडा निश्चित करावा व तो एखाद्या मित्राला सांगावा. उपाशीपोटी घेऊ नये, दोन पेल्यांमध्ये पाणी प्यावे, राग वा दुःख विसरण्यासाठी पेल्याला हात लावू नये. आणि यजमानांनी पंगतीतील जिलबीचा आग्रह मद्याच्या बाबतीत करू नये. ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारले न जाणे, हीच खरी सभ्यता.

येथे एक इशारा आवश्यक आहे. जो रोज भरपूर पितो आणि न घेतल्यास ज्याचे हात थरथरतात, त्याने मनाच्या हिय्याने एकाएकी सोडू नये. त्यातून झटके व भ्रम उद्भवून जीवावर बेतू शकते. त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबावे. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या संस्थांनी, मद्यपी हा तिरस्काराचा विषय नसून उपचाराचा अधिकारी आहे, हा धडा महाराष्ट्राला दिला आहे.

परंतु तेथवर जाण्याची वेळ येऊ न देणे हे अजून ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यासाठीच हे लेखन आहे. ‘मी दारुडा आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येईपर्यंत माणूस निश्चिंत राहतो, आणि ते होकारार्थी येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्याऐवजी ‘गेल्या वर्षीपेक्षा यंदा माझे पिणे वाढले आहे का?’ एवढेच आज स्वतःला विचारावे. कायदा दुकान बंद करू शकेल. पेला खाली ठेवण्याचा निर्णय मात्र ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो.