वळणावर वाकणारं इंजिन

नेरळ स्टेशन समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर, माथेरान आठशे मीटरवर. नकाशात दोन्ही अगदी लगत दिसतात, पण ही उंची रुळांवरून गाठायची तर डोंगराला वळसे घालत वीस किलोमीटर जावं लागतं. काही जागी वीस मीटर पुढे सरकलं की गाडी एक मीटर वर चढलेली असते. मध्ये दात्यांची पट्टी नाही, ओढणारा दोर नाही. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर जी काय पकड असेल, तेवढ्यावर सगळा भरवसा!

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली माथेरान शोधलं, असं पुस्तकं सांगतात. मला हे वाक्य फार अपुरं वाटतं. ठाकर, कातकरी, धनगर त्या डोंगरात आधीपासून होते आणि पायवाटा त्यांच्याच होत्या. मॅलेट यांच्यामागोमाग मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले, बंगले उठले, उन्हाळ्यात साहेब मंडळींची वर्दळ सुरू झाली. पण नेरळहून वर जायचं ते घोड्यावर, पालखीत किंवा पायी.

रेल्वे आणली ती सरकारने नव्हे, मुंबईच्या एका बोहरी कुटुंबाने. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांचा ध्यास. खर्च सोळा लाख रुपये, त्या काळातले! २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट.

खरी कमाल मात्र इंजिनाच्या पोटाखाली होती. साध्या इंजिनात तीन आस एकमेकांना समांतर, चौकटीत घट्ट बसवलेले असतात आणि बाहेरून दांड्यांनी जोडलेले असतात. इथल्या अरुंद वळणांवर असं इंजिन रुळांत आवळून बसलं असतं. बरं, आस तिरके होऊ द्यावेत, तर दांड्यांचा मेळ बिघडतो. यावर तोड होती क्लीन-लिंडनर पद्धतीच्या आसांची. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने बांधलेल्या माथेरानच्या इंजिनांत पुढचा आणि मागचा आस दुहेरी होता: आत भरीव आस, त्याच्याभोवती पोकळ नळी. दांड्या जोडलेल्या आतल्या आसाला, चाकं मात्र बसवलेली नळीवर. आतल्या आसाच्या मधोमध एक गोळा आणि त्यातून आरपार गेलेली खीळ. गोळ्यामुळे नळीला थोडं तिरकं व्हायला, थोडं बाजूला सरकायला वाव मिळतो. खिळीमुळे आतलं फिरणं चाकांपर्यंत पोहोचतं. म्हणजे आतला आस आपली दिशा न सोडता फिरत राहतो आणि चाकं वळणाप्रमाणे वळतात. कागदावर आकृती काढून पाहा, पुन्हा पुन्हा काढावीशी वाटते. यातलं एक इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

माथेरानच्या पॉइंटांना आजही लुईझा, अलेक्झांडर अशी साहेबी नावं आहेत. पण गावाची ओळख साहेबांपुरती किंवा इंजिनापुरती नाही. गाडी सुरू झाल्यावर पाचच वर्षांनी, १९१२ साली, याच गावात एका नाभिक कुटुंबात विठ्ठल कोतवाल जन्मले. पुढे ते वकील झाले, सगळ्यांचे भाई कोतवाल झाले. १९४२च्या स्वातंत्र्यलढ्यात त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या गटाने विजेचे मनोरे पाडून इंग्रज सरकारला जेरीस आणलं. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील हुतात्मा झाले.