न लावलेला गांधार

तंबोऱ्याच्या चार तारा सामान्यतः मंद्र पंचम, मध्य षड्जाची जोड आणि खर्ज, म्हणजेच मंद्र षड्ज, अशा क्रमाने लावल्या जातात. त्यामुळे त्यांत हाताने मिळवलेले स्वर षड्ज आणि पंचम हे दोनच असतात. तरीही तंबोरा नीट जुळला की त्यातून गांधार स्पष्ट ऐकू येतो आणि जाणकार त्याला स्वयंभू गांधार म्हणतात.

त्याचा उगम तारेच्या कंपनात आहे. ताणलेली तार छेडली की ती सबंध लांबीने कंप पावतेच, पण त्याच वेळी दोन, तीन, चार, पाच अशा समान भागांतही कंप पावते आणि त्यातून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे ध्वनी निघतात. त्यांना उपस्वर म्हणतात. खर्जाची कंपनसंख्या सेकंदाला ११० धरली, तर २२० हा मध्य षड्ज, ३३० हा पंचम, ४४० हा तार षड्ज आणि ५५० हा त्याच्या वरचा गांधार होय, कारण ५५० व ४४० यांचे ५:४ हे गुणोत्तर शुद्ध गांधाराचे षड्जाशी असलेले नातेच आहे. हार्मोनियमवर सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असल्यामुळे तेथे हाच गांधार सुमारे ५५४ वर येतो. फरक लहान असला, तरी तयार कानाला तो खुपतो.

उपस्वर सतारीपासून व्हायोलिनपर्यंत सर्वच तंतुवाद्यांत असतात, मात्र ते इतके ठळक आणि दीर्घकाळ ऐकवण्याची किमया तंबोऱ्याच्या घोडीत आहे. ही घोडी रुंद असून तिचा पृष्ठभाग किंचित बाकदार घासलेला असतो आणि तिच्यावर तारेखाली सुती दोरा सरकवलेला असतो, त्यामुळे कंप पावणारी तार घोडीला वारंवार स्पर्श करून सुटते व खालच्या कंपनांतील ऊर्जा वरच्या उपस्वरांकडे वळते. हीच जवारी. तार मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा असे सम उपस्वर उमटू नयेत, असा तारांच्या कंपनाचा जुना नियम आहे. तंबोऱ्यात मात्र ते जोमाने ऐकू येतात, याकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली लक्ष वेधले. मिरजेचे कारागीर त्याच्या कितीतरी आधीपासून केवळ कानाच्या आधारे जवारी काढत आले आहेत आणि हे ज्ञान प्रयोगशाळेतल्या ज्ञानाइतकेच आदराला पात्र आहे.

तबल्याच्या शाईचे कार्यही याच जातीचे आहे. साध्या गोल चामड्याचे उपस्वर मूळ ध्वनीच्या १.५९, २.१४, २.३० पट असे आडवेतिडवे पडतात, त्यामुळे त्याचा निश्चित स्वर जाणवत नाही. परंतु लोखंडाची पूड आणि खळ यांचे थर घोटून मध्यभाग जड केला की पहिले नऊ कंपनप्रकार जवळजवळ पूर्णांकी पटींच्या पाच उपस्वरांत गोळा होतात. तबल्याचे उपस्वर असे पूर्णांकी पटींचे असतात, हे रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली मांडले. तबला षड्जात मिळवता येतो तो यामुळेच.

मालकंस रागात पंचम वर्ज्य असल्याने तंबोऱ्याची पहिली तार मध्यमावर लावतात, पण खर्ज तोच राहतो आणि त्याचा पाचवा उपस्वरही राहतो. या रागाचा गांधार कोमल आहे. म्हणजे तंबोरा शुद्ध गांधार उमटवत असताना गायकाला त्याच्या खालचा कोमल गांधार ठामपणे धरावा लागतो, आणि उपस्वरांतून रागांची स्वररचना सिद्ध करू पाहणाऱ्या कोणत्याही उपपत्तीला या गांधाराचा हिशेब द्यावाच लागतो.