आरव्हीचा फ्रीज आदल्या दिवशी लावा

“सकाळी आरव्ही ताब्यात घ्यायची, फ्रीज लावायचा, डबे आत सारायचे. दुपारपर्यंत सगळं गार होतं.” उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून हे दरवर्षी ऐकू येतं. सांगणारा एखादी सहल करून आलेला असतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला शंका येत नाही. मग यलोस्टोनला पोचेपर्यंत दही फसफसतं, दूध नासतं, मटकीच्या उसळीला तार सुटते आणि सगळ्यांचं एकमत होतं की भाड्याच्या गाडीतला फ्रीज बिघडलेला होता. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. त्याला जे कधीच जमणार नव्हतं, तेच आपण त्याच्याकडून मागितलेलं असतं.

ज्यांनी आरव्ही पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्वयंपाकघर, बिछाने, संडास-बाथरूम असलेली मोठी गाडी, किंवा ट्रकमागे जोडून ओढायचा तसाच डबा. तिच्यात दोन जातींचे फ्रीज असतात आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज बसवतात. तो घरच्या फ्रीजसारखाच वागतो, काही तासांत गार होतो. “आमचं तर जमलं” असं सांगणाऱ्यांपैकी अनेकांना हाच मिळालेला असतो. पण रस्त्यावरच्या असंख्य गाड्यांत, विशेषतः थोड्या जुन्या, अजून अ‍ॅब्सॉर्प्शन जातीचा फ्रीज आहे. ओळखायला सोपा. दरवाज्याच्या पट्टीवर गॅस आणि वीज असे दोन पर्याय असतात, आणि गाडीच्या बाहेरच्या अंगाला, फ्रीजच्या नेमकं मागे, जाळीचं झाकण असतं.

ते झाकण एकदा तरी काढून बघा. खिट्ट्या फिरवल्या की ते हातात येतं. आत जाड काळ्या पोलादी नळ्यांची वेटोळी दिसतात. खाली पत्र्याच्या लहानशा पेटीत निळी ज्योत जळत असते, तिची बारीक फुसफूस ऐकू येते. कॉम्प्रेसर नाही, घरघर नाही. नळ्यांच्या त्या जाळ्यात फिरणारा, घासणारा एकही भाग नाही. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन तरुणांनी १९२२ मध्ये ही रचना शोधली. इलेक्ट्रोलक्स कंपनीने ती विकत घेऊन १९२५ पासून बाजारात आणली. आजच्या आरव्हीतल्या फ्रीजचं मूळ तत्त्व तेच आहे.

ज्योत पेटवून थंडावा कसा मिळतो, हा प्रश्न रास्त आहे. नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे बंद केलेले असतात. ज्योतीने अमोनियाचं पाणी तापतं, अमोनियाची वाफ वेगळी होऊन वर चढते. वरच्या पंखेदार नळ्यांत ती बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रवरूप होते. हा द्रव अमोनिया फ्रीजच्या आतल्या नळीत उतरतो. तिथे हायड्रोजन असल्यामुळे अमोनियाचा स्वतःचा दाब फार कमी पडतो, म्हणून तो कमी तापमानालाही उडून जायला लागतो आणि उडताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, तेच कारण. मग अमोनिया आणि हायड्रोजनचं मिश्रण खालच्या वेटोळ्यांत येतं, पाणी अमोनियाला शोषून घेतं, हायड्रोजन परत वर जातो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. हे सगळं चालतं ते उष्णतेवर आणि गुरुत्वाकर्षणावर. ढकलणारं दुसरं काहीही नाही.

म्हणूनच तो संथ आहे. घरच्या फ्रीजला १०० वॉट वीज दिली तर तो १०० वॉटहून अधिक उष्णता आतून बाहेर काढतो. हा फ्रीज तेवढ्याच ऊर्जेत साधारण २०-२५ वॉट काढतो. विजेवर चालताना त्याचं हीटर ३०० वॉटच्या आसपासचं असतं, म्हणजे काढली जाणारी उष्णता ६०-७५ वॉट. त्यातही बाहेर ऊन असताना भिंतींतून, दाराच्या रबरातून जी उष्णता आत झिरपते, ती आधी बाहेर काढावी लागते. समजा ३० वॉट शिल्लक राहिले. आता आपण पाच किलो पदार्थ आत ठेवले, भाज्यांचे डबे, पाण्याच्या बाटल्या, सगळं खोलीच्या तापमानाला म्हणजे २५ अंश सेल्सिअसला. ते ४ अंशांवर आणायला सुमारे ४४० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ३० वॉटने त्याला चार तास लागतात. हे फ्रीज आधीच गार असेल तर. तो रिकामा आणि तापलेला असेल, तर त्याच्या स्वतःच्या भिंती आणि कप्पे गार होण्यातच कित्येक तास जातात. उत्पादकांच्या पुस्तिका रात्रभर ते २४ तास आधी चालू करा असं सांगतात, ते उगाच नाही.

हे चार तास नुसत्या गैरसोयीचे असते तर मी एवढं बोललो नसतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचा अन्नसुरक्षेचा नियम स्पष्ट आहे: ४० ते १४० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४ ते ६० अंश सेल्सिअस, या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून नाशवंत अन्न त्या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहू द्यायचं नाही. बाहेर ९० अंश फॅरनहाइटच्या वर तापमान असेल तर एकच तास. फ्रीजचं दार लावलं की घड्याळ थांबतं, अशी आपली समजूत असते. ते थांबत नाही. कोमट डबा कोमट फ्रीजमध्ये ठेवला, तर तो बाहेर ओट्यावर ठेवल्यासारखाच आहे. आणि तरीही “फ्रीजमध्येच होतं की!” म्हणत लोक ते मुलांच्या ताटात वाढतात. यावर मात्र माझा संयम सुटतो.

मग करायचं काय? हा फ्रीज थंडी टिकवतो, ती चटकन तयार करत नाही, एवढं धरून चालायचं. स्वतःची गाडी असेल तर आदल्या दिवशी घराच्या विजेला जोडून फ्रीज लावून ठेवा. भाड्याची असेल तर गाडी देणाऱ्यांना दोन दिवस आधी फोन करून आदल्या संध्याकाळी फ्रीज चालू ठेवायला सांगा. विचारलं तर अनेक ठिकाणी करून देतात. तेही शक्य नसेल तर पहिला दिवस बर्फाच्या पेटीवर काढा, आणि संध्याकाळी फ्रीज गार झाला की मगच डबे हलवा. घरच्या फ्रीजमध्ये रात्रभर गार झालेल्या वस्तूच आत ठेवा. उसळ, सांबार, भाजीची वाटणं घरूनच गोठवून नेली तर ती स्वतःच फ्रीजला मदत करतात. चार-पाच पाण्याच्या बाटल्या गोठवून खालच्या कप्प्यात ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. सकाळी केलेला उपमा उरला म्हणून गरमच आत सारणं, हा सगळ्यात महाग.

याच्याच पोटात आणखी दोन समजुती आहेत. पहिली: “आकडा पाचवर ठेवला की लवकर गार होतो.” नाही होत. तो आकडा कुठे थांबायचं ते सांगतो, किती वेगाने जायचं ते नाही. ज्योत तेवढीच जळते. दुसरी: “वर बर्फ जमलाय, म्हणजे खालचंही गार असणार.” अमोनिया आधी फ्रीजरच्या भागातून जातो, सर्वांत थंड टोक तिथे असतं, खालच्या कप्प्याला उरलेला थंडावा मिळतो. वर आइस्क्रीम टणक असताना खाली दूध ५० अंश फॅरनहाइटला असू शकतं.

आता गाडी सपाट उभी करण्याबद्दल. “जरा कललीय, रात्रभराचा तर प्रश्न आहे” असं म्हणून लोक उतारावरच झोपून जातात. मघाशी म्हटलं तसं, नळ्यांतला द्रव केवळ उताराने परततो. गाडी कलली की तो मधेच कुठेतरी साचून राहतो, खाली ज्योत मात्र जळतच असते. तापवायला पुरेसा द्रव नसलेली नळी प्रमाणाबाहेर तापते, आणि नळ्या गंजू नयेत म्हणून आत घातलेलं सोडियम क्रोमेट घट्ट होऊन वाट अडवतं. हे नुकसान भरून येत नाही, दर वेळी थोडं थोडं साठत जातं. पुस्तिकांत सामान्यतः एका दिशेला ३ अंश आणि दुसऱ्या दिशेला ६ अंशांपर्यंत कल चालतो असं दिलेलं असतं. बिछान्यावर आडवं झाल्यावर डोकं खाली गेल्यासारखं वाटत असेल, तर फ्रीज बंद करा किंवा चाकाखाली ठोकळे घाला. गाडी धावत असताना ही भीती नाही, कारण कल सतत बदलत राहतो आणि द्रव वाहता राहतो.

“गॅस संपला असेल, भरून घ्या.” भारतात एसी आणि फ्रीजमध्ये गॅस भरून घ्यायची सवय असल्यामुळे हा सल्ला पटकन तोंडी येतो. टाकीतला प्रोपेन फक्त जाळण्यासाठी आहे, तो संपला तर टाकी भरता येते. पण नळ्यांतला अमोनिया कारखान्यात भरून वेल्डिंगने बंद केलेला असतो. तो आपोआप संपत नाही, आणि तो गळला तर रस्त्यावरच्या दुकानात कुणी भरून देत नाही. नळ्यांचा अख्खा संच बदलावा लागतो. गाडीत अमोनियाचा नाक झोंबवणारा वास आला, किंवा मागच्या झाकणाआड नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली, तर गळती झाली आहे. फ्रीज ताबडतोब बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. आत हायड्रोजन आहे, तो पेट घेतो. ती भुकटी विषारी आहे, तिला हात लावू नका. अशा वेळी “एकदा चालू करून बघू” हा उत्साह जिवावर बेतू शकतो.

बाकीच्या समजुती थोडक्यात सांगतो.

“गॅसवर चालतो, मग बॅटरी लागत नाही.” बहुतेक मॉडेलना लागते. ठिणगी, गॅसचा व्हॉल्व्ह आणि नियंत्रणाची पाटी बारा व्होल्टवर चालतात. बॅटरी उतरली की ज्योत विझते.

“उंचावर हवा थंड, म्हणजे फ्रीजही जास्त गार.” ५,५०० फुटांच्या वर, म्हणजे साधारण कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर, विरळ हवेत ज्योत नीट जळत नाही, असं पुस्तिकांत लिहिलेलं असतं. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे ७,००० फुटांवर आहे, यलोस्टोनचा ओल्ड फेथफुल त्याहून थोडा उंच. अशा ठिकाणी विजेची जोडणी असलेली जागा मिळत असेल तर फ्रीज विजेवर चालवा.

“ऊन कुठल्या बाजूने येतं त्याने काय फरक पडतो?” खूप पडतो. उष्णता बाहेर टाकायची जागा त्या जाळीच्या मागेच आहे. गाडी अशी लावा की दुपारी ती भिंत सावलीत राहील. जाळीत किंवा छतावरच्या झडपेत गांधीलमाशीचं वा पक्ष्याचं घरटं आहे का, तेही बघा.

“गच्च भरला की थंडी टिकते.” आतली हवा फिरायला वाट लागते. कप्प्यांवर कागद अंथरू नका आणि डब्यांमध्ये फटी ठेवा.

“पेट्रोल भरताना दोन मिनिटांनी काय होतंय?” उघडी ज्योत जळते आहे, हे विसरू नका. पंपावर वळण्याआधी फ्रीज आणि टाकीचा कॉक बंद करायचाच.

“वास आला नाही, म्हणजे चांगलं आहे.” ही समजूत सगळ्यात घातक, आणि आपल्या स्वयंपाकात जास्तच, कारण आपल्याकडे भात उरतो. भातात बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही तगून राहतात. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्या विषाला वास नाही, चव नाही, आणि भात परत गरम केल्याने, फोडणी दिल्याने ते जात नाही. भारतातून आलेले आई-वडील आणि लहान मुलं बरोबर असतात, जवळचं रुग्णालय तासाभराच्या अंतरावर असतं, मोबाइलला रेंज नसते.

म्हणून प्रत्येक आरव्हीत पाच-दहा डॉलरचा फ्रीज थर्मामीटर ठेवा. तो पाण्याच्या पेल्यात घालून मधल्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी दार पहिल्यांदा उघडताच वाचा. ४० अंश फॅरनहाइट किंवा त्याखाली असेल तर निर्धास्त जेवा. त्याहून जास्त असेल आणि किती वेळ होतं हे सांगता येत नसेल, तर भात, दूध, उसळ, मांस-मासे, जे काही शिजवलेलं किंवा नाशवंत आहे ते टाकून द्या. जीव हळहळला तरी टाका.