फेब्रुवारीत गावात कोण असतं?

पाथर्डी तालुक्याच्या पूर्वेला, बीड जिल्ह्याच्या डोंगराला टेकलेल्या एका गावात ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा संगणकावर चढताना पाहत बसलो होतो. ऑपरेटर पोरगा ई-ग्रामस्वराजची पानं उघडत होता आणि भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, ठरावाच्या वहीतून एकेक काम वाचून दाखवत होते. गरिबीमुक्त गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव अशा नऊ संकल्पना वरून ठरून आलेल्या आहेत आणि प्रत्येक काम त्यातल्या एकीखाली बसवावं लागतं. टाकीची गळती जलसमृद्धीत गेली, अंगणवाडीचं छत बालस्नेहात. स्मशानभूमीच्या रस्त्याशी मात्र गाडी अडली. दोघांनी थोडा विचार केला आणि तो ‘पायाभूत सुविधां’त ढकलून दिला.

लोकसंख्येच्या चौकटीत आकडा आधीच भरलेला होता. तो 2011 चा.

त्या आकड्यावर गावाचा पैसा येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले महाराष्ट्रात 80 टक्के ग्रामपंचायतींना आणि 10-10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी झाली. ग्रामपंचायतींमध्ये तो वाटायचं सूत्र लोकसंख्येला 90 टक्के आणि क्षेत्रफळाला 10 टक्के वजन देतं. आलेल्यातला 60 टक्के भाग बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेलाच लावायचा. उरलेल्या 40 टक्क्यांत गावाची मर्जी. माळरान, डोंगर, पाझर तलाव, लांब-लांब पडलेल्या वस्त्या आणि तांडे हे सगळं त्या 10 टक्क्यांत. पाच घरांच्या वस्तीला पाइप न्यायची तर खोदाईचं अंतर पन्नास घरांइतकंच असतं. माणशी खर्च मात्र कितीतरी वाढतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही कोरडवाहू मुलखाची नेहमीची तक्रार झाली असती. पण इथं माणसं विरळ आहेत ती वर्षातले सहा महिने, ऊसतोडीमुळं. दसरा झाला की मुकादमाच्या दारात हिशेब सुरू होतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर ठरते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवाळीच्या आगेमागे ट्रक, ट्रॅक्टर लागतात. भांडीकुंडी, कोंबड्या, लहान पोरं घेऊन टोळ्या सांगली-कोल्हापूरकडं, पुण्याकडं, कर्नाटकात निघतात. तालुक्यात आदिनाथनगरला वृद्धेश्वर साखर कारखाना आहे, पण सगळ्यांना तिथं काम कुठलं. भाऊसाहेब या दिवसांत वेगळ्याच घाईत असतात. उचल हातात आहे तोवर घरपट्टी वसूल व्हायला हवी. एकदा कुलूप लागलं की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, ते उघडत नाही. कारखाना लवकर बंद झाला तर मढीच्या यात्रेला माणसं दिसतात, नाहीतर पाडव्यानंतरच.

ग्रामसभेचंही तसंच. गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी ते. ऑगस्टची सभा भरते. 26 जानेवारीच्या सभेला झेंड्यापुढं म्हाताऱ्या-कोताऱ्या, हंगामी वसतिगृहात जेवणारी पोरं आणि दुकानदार. 2025 साली गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आले, त्यामुळं या गावानं आराखड्याची सभा पुढं नेली आणि ती नेमकी मुकादमांच्या हिशेबात सापडली. पाण्याच्या टाकीवर बोलायला ज्यांचा आवाज मोठा, ते उचलीच्या बोलीत गुंतलेले.

आता जनगणना. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, ऊस ऐन तुटत असताना. नियम असा होता की या दिवसांत माणूस आपल्या घरी कधीच नसेल, तर तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. बेघरांची मोजणी 28 च्या रात्री. नियम अक्षरशः पाळला तर खरवंडी-माणिकदौंडीकडची जोडी मोजली जाणार कारखान्याच्या तळावर, कोपीत म्हणजे झोपडीत. म्हणजे आधीच कालव्याचं पाणी असलेल्या, उसानं भरलेल्या गावाच्या खात्यात. प्रगणक बहुधा गावातलाच शिक्षक असतो. त्यानं ओळखीपोटी आजीला विचारून नावं लिहिली असतील तर ती नावं वाचली. पण ती त्या शिक्षकाची माया झाली. तिच्यावर गावाच्या पंधरा वर्षांच्या निधीचा हिशेब टांगावा, हे मला पटत नाही.

युरोपात विरळ वस्तीचा प्रश्न उघड मान्य झाला. स्वीडन आणि फिनलंड 1 जानेवारी 1995 ला युरोपीय संघात आले, तेव्हा प्रवेशाच्या करारातच एक नवं कलम बसवून घेतलं: चौरस किलोमीटरला 8 किंवा त्याहून कमी माणसं असलेल्या उत्तरेकडच्या भागांना वेगळा निधी. ध्रुवाजवळच्या लॅपलँडमध्ये हा आकडा दोनच्या आसपास आहे. शाळा, दवाखाना, रस्ता यांचा खर्च माणसं कमी म्हणून कमी होत नाही, हे त्यामागचं कारण. जादा पैसा तिथंही माणशीच मोजला जातो, पण माणशी दर वाढवून. पाथर्डी ज्या जिल्ह्यात येते त्याची घनता 2011 ला 266 होती. पाथर्डी त्याहून विरळ, तरी लॅपलँडच्या मानानं गजबजलेलीच. तिथला निकष इथं उचलून लावला तर पाथर्डीला एक रुपयाही मिळणार नाही. घ्यायचं ते एवढंच, की गावाचं वेगळेपण सूत्र ठरवतानाच धरता येतं.

आणि इथं ते धरायला लागणारी माहिती त्याच कार्यालयात, त्याच कपाटात आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालं. त्यासाठी कारखान्यांकडून टनामागं 10 रुपये आणि सरकारकडून तेवढेच घ्यायचं ठरलं, आणि कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यायचं काम पडलं ग्रामसेवकावर. भाऊसाहेबांनी रजिस्टर काढून दाखवलं: नाव, गाव, मुकादम, कारखाना. कुठलं कुटुंब कुठं जातं हे त्यात ओळीनं लिहिलेलं. आराखड्याच्या पोर्टलला मात्र या रजिस्टरची गरज पडत नाही.

पुढची जनगणना जाहीर झाली आहे. संदर्भ तारीख 1 मार्च 2027, म्हणजे माणसं पुन्हा फेब्रुवारीतच मोजली जाणार. लडाख आणि हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीरचे बर्फाळ भाग यांना मात्र 1 ऑक्टोबर 2026 ही वेगळी तारीख दिली आहे. हिवाळ्यात तिथं मोजायला जाता येत नाही. बर्फासाठी तारीख हलते. उसासाठी ती हलावी, अशी मागणी मी कुठल्या ग्रामसभेच्या ठरावात तरी वाचली नाही. निदान तळावर मोजलेली कोपी तिच्या मूळ गावाच्या नावावर टाकावी, एवढं तरी मागता येईल. यादी तयार आहे, कारखान्याकडंही आणि ग्रामपंचायतीतही.

हे भाऊसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “ठराव घेऊ की. पण जानेवारीच्या सभेत घ्यायचा, तर गणपूर्तीला माणसं कुठनं आणायची?” मग ऑपरेटरला म्हणाले, ऑगस्टच्या विषयपत्रिकेत टाकून ठेव.