तीन क्वार्टर, दोन डाइम आणि एक काळीपिवळी

ताईचा फोन आला तेव्हा मी नेमकी अप्पा बळवंत चौकातच होते. ती थेट मुद्द्यावर आली, ‘‘पुण्यात हाय ना तू? मंग गणिताची वर्कबुकं घेऊन ये दिवाळीले. शाब्दिक उदाहरणांची. चांगली पाहून आण.’’

‘‘चांगली म्हणजे कशी?’’

‘‘ते मले समजलं असतं तर तुले कायले फोन केला असता?’’

गणितापासून सुटका व्हावी म्हणून मासकॉमला गेलेल्या मुलीवर आलेला हा प्रसंग! पण नाही म्हणायची सोय नव्हती. माझी ही मावसबहीण चांदूर रेल्वेला राहते. अमरावती जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव मुंबई-हावडा लाइनवर आहे. (चांदूर बाजार वेगळं. त्यावरून गोंधळ घालाल तर दोन्हीकडचे लोक रागावतात.) ताईने लेकाला शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलंय. दुसरीतच वर्गात त्याच्यावर ‘ढ’चा शिक्का बसला होता आणि रोज सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं होतं. आता तो नऊ वर्षांचा आहे. पोटदुखी गेली, पण शाब्दिक उदाहरणांची धास्ती तेवढी राहिली. नातेवाईकांचं टुमणं चालूच होतं, ‘‘शाळेत घाल त्याले परत.’’ ताईने स्वतःला वर्षभराची मुदत दिली होती. म्हणजे माझ्या पिशवीत नुसती पुस्तकं नव्हती, तिच्या निर्णयाची लाज राखायची जबाबदारीही होती.

आधी कायद्याचं टेन्शन

‘हे चालतं का?’ हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांचं मूल शाळेत जाणार, असं तो गृहीत धरतो. घरच्या शिक्षणासाठी त्यात वेगळी तरतूद नाही. तरीही देशभरात अनेक पालक हा मार्ग धरतात आणि पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, मुलांना परीक्षेला बसवतात. तिथे चौदाव्या वर्षी दहावी देता येते. परीक्षेची वाट आहे. रोज सकाळी टेबलावर कोणतं पुस्तक उघडायचं, हे मात्र पालकांनाच ठरवावं लागतं.

क्वार्टरचा घोळ

पहिलं पुस्तक मी हौसेने घेतलं होतं. अमेरिकन, गुळगुळीत कागदाचं, पानोपानी रंगीत चित्रं. भाच्याने मोठ्याने वाचलं, ‘‘टॉमकडे ३ क्वार्टर आणि २ डाइम आहेत…’’ बाजूला पेपर वाचत बसलेले काका दचकले. ‘‘एवढ्याशा पोट्ट्याजोळ तीन क्वार्टर? कोनं देल्या त्याले?’’

हसून झाल्यावर लक्षात आलं, की घोळ गमतीचा नव्हता. क्वार्टर म्हणजे २५ सेंट आणि डाइम म्हणजे १०, हे माहीत नसेल तर मूल गणितापर्यंत पोहोचतच नाही. ते भाषेच्या दारातच अडकतं आणि आपण म्हणतो, ‘याचं गणित कच्चं!’ मराठीतही हे होतंच. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं. लिहिताना आधी दशक, वाचताना आधी एकक, त्यात जोडाक्षरं, यात लहान मुलं अडखळतात. त्यांची पद्धत पटो न पटो, गणिताच्या आधी भाषा अडते हे त्यांनी अचूक हेरलं होतं.

दहा मिनिटांत बारा बरोबर

दुसरं वर्कबुक प्रकरणवार होतं. ‘भागाकार’ या मथळ्याखाली बारा शाब्दिक उदाहरणं. भाच्याने दहा मिनिटांत सगळी सोडवली आणि सगळी बरोबर! ताईचा चेहरा खुलला. मला मात्र शंका आली. मी वहीत एकच उदाहरण लिहिलं, ‘आईकडे १२ संत्री आहेत. तिच्याकडे बाबांपेक्षा ५ जास्त आहेत. बाबांकडे किती?’

‘‘सतरा,’’ त्याने ताडकन सांगितलं.

‘‘कसे?’’

‘‘‘जास्त’ आलं की बेरीज.’’

मग त्याने मला आपला सगळा फंडाच सांगून टाकला. ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. एक आकडा मोठा आणि एक छोटा असेल तर भागाकार. वरचा मथळा वाचला की उदाहरण वाचायचं कामच नाही. पोरगं ढ नव्हतं हो, चांगलं हुशार होतं! वर्कबुकने त्याला न वाचता उत्तर काढायला शिकवलं होतं आणि ते तो मन लावून शिकला होता.

अशी मुलं जगभर आहेत. १९८०च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या अभ्यासकांनी मुलांना विचारलं, ‘जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती?’ ९७ मुलांपैकी ७६ जणांनी आकड्यांची काहीतरी खटपट करून वय सांगून टाकलं!

तिघं काय पैदल जातीन?

मी आणखी एक घातलं, ‘लग्नाला ४३ वऱ्हाडी निघाले. एका काळीपिवळीत १० जण बसतात, तर गाड्या किती लागतील?’ भाच्याने व्यवस्थित भागाकार मांडला आणि लिहिलं, ‘४, बाकी ३.’

स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, ‘‘मंग ते तिघं काय पैदल जातीन?’’

दोन क्षण शांतता. मग त्याने खोडरबर घेतला आणि ४चे ५ केले. मी पुस्तकांवर घातलेल्या सगळ्या पैशांपेक्षा आजीचं ते एक वाक्य भारी पडलं.

याला अभ्यासाचाही आधार आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५मध्ये प्रसिद्ध झाला. धंद्यावर ही मुलं ९८ टक्के हिशेब बरोबर करत. तसेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले, तर फक्त ३७ टक्के बरोबर येत. शाब्दिक उदाहरणं मधे होती, ७४ टक्के. फेब्रुवारी २०२५मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांबद्दल असंच लिहिलं. बाजारातला हिशेब शाळेच्या कागदावर उतरत नाही, आणि शाळेतलं गणित बाजारात चालत नाही. शाब्दिक उदाहरण हा या दोहोंमधला पूल आहे. म्हणून ते पुस्तक निवडताना जरा जास्त डोकं लावायचं.

खरेदीला निघताय? ही घ्या चाळणी

१. मधलं पान उघडा. पानावरची सगळी उदाहरणं एकाच क्रियेने सुटत असतील तर पुस्तक सुरुवातीच्या सरावापुरतं ठीक. खरी परीक्षा मिसळलेल्या उदाहरणांची. ती किती आहेत ते मोजा.

२. जादा माहिती शोधा. उत्तराला नको असलेला एखादा आकडा, किंवा उत्तरच निघणार नाही असं एखादं उदाहरण आहे का? असेल तर लेखकाने मुलांचा विचार केलाय.

३. चित्राला जागा हवी. १९८०च्या दशकात सिंगापूरमध्ये पट्ट्या काढून उदाहरण सोडवायची पद्धत तयार झाली. बहिणीकडे भावाच्या तिप्पट गोट्या, दोघांच्या मिळून २४. भावाची एक पट्टी, बहिणीच्या तीन, एकूण चार. एक पट्टी म्हणजे ६. संपलं! सिंगापूरची वर्कबुकं महाग वाटली तरी ही युक्ती फुकट आहे.

४. शिष्यवृत्तीचं गाईड शेवटी. उदाहरणं भरपूर, किंमतही परवडणारी. पण खाली चार पर्याय असले की मूल उत्तराकडून उलटं चालायला लागतं. पर्याय पट्टीने झाकून सोडवायला द्या.

५. फुकट ते आधी बघा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, एनसीईआरटीचीही. एनसीईआरटीच्या जुन्या ‘गणित का जादू’च्या चौथीच्या पुस्तकात भोपाळच्या सहलीचा धडा आहे. मुलांना बसगाड्यांत बसवायचंय, म्हणजे आमच्या आजीचाच प्रश्न! वाचनासाठी मंगलाताईंचं ‘गणितगप्पा’ जरूर घ्या.

आणि हो, यात नवीन काही नाही. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त गणित घातलं ते भुंगे, मोर, साप आणि तळ्यातल्या कमळांच्या गोष्टींतून. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. आपल्याकडे शाब्दिक उदाहरणांची परंपरा निदान पावणेनऊशे वर्षांची तरी आहे!

आपला काय संबंध?

तुम्ही म्हणाल, आमचं अजून लग्न ठरायचंय, वर्कबुकाचं काय घेऊन बसलात? मग एकदा ‘नो कॉस्ट ईएमआय’ची जाहिरात तळच्या बारीक अक्षरांसकट वाचून बघा. बेरीज-भागाकार एक्सेल करतं. कोणता आकडा घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

चांदूरहून निघायच्या आदल्या दिवशी मी भाच्याला दहा मिसळलेली उदाहरणं दिली. सहा बरोबर आली. चमत्कार वगैरे काही नाही. पण प्रत्येक उदाहरण त्याने दोनदा वाचलं, आणि ताईला सहापेक्षा त्या दोनदाचं जास्त समाधान वाटलं. अमेरिकन पुस्तक माळ्यावर गेलं, प्रकरणवार वर्कबुकातले मथळे कागद चिकटवून झाकले गेले. शाळेत परत घालायचं की नाही, ते ताई उन्हाळ्यात ठरवणार आहे.

निघताना त्याने मला एक चिठ्ठी दिली. स्वतः तयार केलेलं उदाहरण: ‘एका काकूने ३ दिवसांत ४५, ३८ आणि ५२ किलो कापूस वेचला. वेचणी किलोला १० रुपये. तिने आधीच ५०० रुपये उचल घेतली होती. तिच्या हातात किती पैसे येतील?’

मी बॅग उचलता उचलता एकशे पस्तीस गुणिले दहा केलं. ‘‘तेराशे पन्नास!’’

‘‘मावशी,’’ तो गंभीरपणे म्हणाला, ‘‘तू वाचलंच नाही.’’