नुसते नाव आणि हुकूम

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या भाषेवर लिहावे, हे पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. पण भाषा म्हटली की व्याकरण आले, आणि व्याकरण दिसले की आम्हां मंडळींना राहवत नाही!

ही भाषा पायथन. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती १९९१ साली लोकांपुढे ठेवली. नाव अजगराचे वाटले, तरी ते 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून घेतलेले आहे. हिचे 'शेल' उघडले की पडद्यावर तीन बाणटोके उभी राहतात. एक ओळ लिहावी, कळ दाबावी, उत्तर हजर. या सवालजवाबासाठी काही हुकूम भाषेच्या अंगचेच असतात. ते बाहेरून आणावे लागत नाहीत.

'टाइप' हा हुकूम विचारतो, ही वस्तू आकडा की मजकूर? म्हणजे आमचे 'शब्दाची जात ओळखा'च! 'डिर' हाताशी असलेल्या नावांची यादी देतो. 'लेन' लांबी मोजतो. त्याला मी 'पुस्तक' हा शब्द दिला, तर उत्तर आले सहा! आपल्या लेखी अक्षरे तीनच. पण यंत्र प, उकार, स, जोडाक्षराची खूण, त आणि क अशी सहा चिन्हे मोजते. अक्षर वेगळे आणि लेखनातले चिन्ह वेगळे, हे सांगताना वर्गात माझा घसा कोरडा पडतो. येथे एका आकड्यात काम झाले.

खरी गंमत कंसाची. हुकमाच्या नावापुढे कंस लावला तरच तो पाळला जातो. बाहेर पडण्यासाठी नुसते 'एक्झिट' लिहिले, तर शेल पूर्वी सांगे, 'कंस लावा.' म्हणजे कळले सारे, पण जागचे हलायचे नाही! 'बंडू' हे नाव झाले. 'बंडू, इकडे ये' हा आज्ञार्थ. २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीच्या नव्या शेलमध्ये एक्झिट, हेल्प अशा मोजक्या हुकमांपुरती ही अट सैल झाली. बाकीच्यांना ती आहेच.

सर्वांत मोलाचा हुकूम 'हेल्प'. ज्याविषयी शंका, त्याचे नाव याच्या कंसात घालावे. माहिती समोर येते. माझ्या वर्गातली कितीतरी हुशार मुले 'इंग्रजी कच्चे, म्हणून संगणक आपला नव्हे' असे धरून बसतात, आणि विचारायला लाजतात. त्यांना मी सांगतो, २००८ च्या तिसऱ्या पायथनपासून नावे देवनागरीत ठेवता येतात. 'मदत', मग बरोबरचे चिन्ह, मग 'हेल्प' एवढे लिहा. त्या बैठकीपुरता 'मदत' हाही हुकूम होतो. उत्तर इंग्रजीतच येते, ही अडचण खरीच. पण तोच प्रश्न दहा वेळा विचारला तरी येथे कोणी कपाळाला आठ्या घालत नाही.

पायथन फुकट मिळते. सुट्टीत फराळाचे ताट बाजूला सरले की मुलांना जवळ घेऊन बसा, आणि आपल्या आडनावाची लांबी विचारून पाहा. आधी अक्षरे मात्र स्वतः मोजून ठेवा!