आराखड्यात काम लिहिण्याआधी शिवार फिरा; जमीन बघून ठरवा, कुठं काय करायचं

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून गावोगावी पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची गडबड सुरू होते. बऱ्याच गावांत हे काम एका बैठकीत उरकतं. मागच्या वर्षीची यादी काढायची, त्यात दोन सिमेंट रस्ते, एक सभामंडप, एक बंधारा घालायचा आणि सह्या घ्यायच्या. बंधारा कुठं? ज्याचा आवाज मोठा, त्याच्या वावराजवळ.

15व्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतीच्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेच्या कामांना बांधून दिला. म्हणजे पाण्याचं काम चुकीच्या जागी गेलं की नुकसान थोडंथोडकं नाही. आणि एकदा बांधलेला बंधारा उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

आपला जालना जिल्हाच बघा. भोकरदन, जाफराबादकडं अजिंठ्याच्या डोंगररांगा उतरतात, तिथं माळ, बरड, मुरमाड रान. खाली अंबड, घनसावंगी, परतूरला गोदाकाठची काळी भारी जमीन. दोन्हीकडं एकच योजना, एकच मापाचं शेततळं आलं तर एका ठिकाणी चालेल, दुसऱ्या ठिकाणी फसेल. जिल्ह्याचं जाऊ द्या, एकाच गावच्या शिवारात हा फरक असतो. वरच्या टेकाडावर वीतभर माती आणि खाली खडक, ओढ्याकाठी मात्र पुरुषभर काळी.

आता शेततळं आणि पाझर तलाव घ्या, कारण सगळ्यात जास्त गल्लत इथं होते. शेततळ्याचं काम पाणी धरून ठेवायचं. चिकण काळ्या मातीत ते बऱ्यापैकी टिकतं. मुरमात खोदलं तर प्लास्टिक कागद घालावाच लागतो, नाहीतर पाऊस उघडल्यावर काही दिवसांत तळ दिसतो. पाझर तलावाचं काम बरोबर उलटं, त्याने पाणी खाली सोडायचं. त्याच्या तळाला मुरूम किंवा भेगाळलेला खडक पाहिजे. काळ्या चिकण मातीवर पाझर तलाव बांधला तर पाणी नुसतं उन्हाने उडून जातं, आणि शेजारच्या विहिरीला काही फरक पडत नाही. मग लोक म्हणतात योजना खोटी. योजना खोटी नसते, जागा चुकलेली असते.

हिशोबही सोपा आहे. एक हेक्टर रानावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 10 लाख लिटर पाणी होतं. त्यातलं किती मुरतं आणि किती वाहतं, ते उतार आणि माती ठरवते. वरच्या उघड्या माळावरून पाणी एकटं येत नाही, माती घेऊन येतं. म्हणून आधी माथ्यावर सलग समतल चर, मग वावरांची बांधबंदिस्ती आणि शेवटी नाल्यावर बंधारा, असा क्रम असतो. माथा सोडून थेट नाल्यात सिमेंट ओतलं तर दोन-चार मोठ्या पावसांत बंधारा गाळाने भरतो. आपल्याच जिल्ह्यातल्या कडवंचीत 1996 पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने माथा ते पायथा काम झालं. आज ते गाव द्राक्षासाठी ओळखलं जातं. तिथली शेततळी बघायला लोक लांबून जातात, पण वरचे चर आणि बांध बघितल्याशिवाय परत येऊ नये.

पिकाचंही तसंच. निचरा नसलेल्या भारी रानात मोसंबी लावली की डिंक्या लागतो आणि झाड जातं. मृदा आरोग्य पत्रिका उपयोगाची आहे, पण ती खताचं सांगते: नत्र, स्फुरद, पालाश, सामू वगैरे. माती किती खोल आहे, उतार किती, पाणी कुठं तुंबतं, हे त्या कागदात नसतं.

जुन्या माणसांना हे कळत होतं. गावाचे त्यांनी दोन भाग मानले, काळी आणि पांढरी. काळीत शेती, पांढरीवर घरं. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, तिच्यावर उथळ पायाची भिंत तडकते. आता गावठाण पुरत नाही म्हणून घरकुल, अंगणवाडी काळ्या रानात जाते. जाऊ द्या, पण पाया मुरमापर्यंत नेण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे का, हे ग्रामसभेत विचारा.

तसाच गायरानाचा प्रश्न. सौर कृषी वाहिनीसाठी गावोगावी सरकारी आणि गायरान जमिनी बघितल्या जातात. दिवसा वीज पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण गायरान पुष्कळदा शिवाराच्या माथ्यावरच असतं. गावचा ओढा तिथूनच सुरू होतो, शेळ्या-मेंढ्या तिथंच चरतात. सातबारावर ‘पोटखराब’ लिहिलं म्हणजे ती जमीन बिनकामाची झाली, असं नाही. ठराव करण्याआधी त्या माळावर पडणारं पाणी कुठं जातं, हे पायी जाऊन बघा.

शिवारफेरीला इंजिनिअरच पाहिजे असं काही नाही. गुरं राखणारा एक जण घ्या, त्याला प्रत्येक ओघळ माहीत असते. लांबून पाणी आणणाऱ्या दोघी-तिघी बाया, एक म्हातारा शेतकरी, मोबाईल चालवणारं एक पोरगं आणि गावचे सहायक कृषी अधिकारी. महाभूनकाशावरून गट नंबरचा नकाशा काढा, गुगल अर्थवर जागेची उंची दिसते ती टिपा. वाटेत लागेल त्या विहिरीत वाकून बघा. काठाला वर किती माती, मग मुरूम, मग खडक कुठं लागला, सगळं उघडं दिसतं. शंका असेल तिथं फूटभर खड्डा घेऊन पाण्याने भरा. तासाभरात जिरलं तर मुरणारी जागा. सकाळपर्यंत तसंच राहिलं तर तिथं पाझर तलाव मागू नका. मोठ्या कामाला मात्र भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा अभिप्राय घ्यायला सांगाच.

फेरीत जे दिसलं ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात यायला पाहिजे, नुसतं तोंडी नको. पाण्याच्या प्रत्येक कामापुढं गट नंबर, मातीची खोली, खाली मुरूम की खडक, आणि वरून किती रानाचं पाणी तिथं उतरतं, एवढं लिहून घ्या.